सॉफ्ट सर्जरी झाली, ‘म्हणजे’ उरलेलं ऐकणं वाचलं?

कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे आतल्या कानात विजेची तार बसवून ऐकू आणणाऱ्या यंत्राच्या ऑपरेशनची, तारीख ठरली की पेशंटच्या घरचे ऑडिओलॉजिस्टसमोर, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या माझ्यासारखीसमोर, येऊन बसतात आणि ठरलेलं वाक्य येतं : “मॅडम, सर सॉफ्ट सर्जरी करणारेत. म्हणजे आत्ता थोडंफार ऐकू येतंय ते जाणार नाही ना?” माझं भांडण या वाक्यातल्या ‘म्हणजे’शी आहे.

श्रवणयंत्र, ऑडिओग्राम (कोणत्या स्वराला किती ऐकू येतं याचा आलेख), डेसिबल (आवाजाच्या जोराचं माप) हे तुम्हाला पाठ असणार, त्यामुळे ते सोडून देते. सॉफ्ट सर्जरी म्हणजे छोटी चीर, कमी टाके किंवा लेझर, हा समजही इथेच खोडून टाकू. कानामागचं हाड नेहमीसारखंच ड्रिल होतं. ‘सॉफ्ट’ हा शब्द फक्त शेवटच्या काही मिनिटांपुरता आहे, इलेक्ट्रोड, म्हणजे इम्प्लांटची बारीक तार, आतल्या कानातल्या कॉक्लिआच्या शंखात सरकवण्यापुरता. नेफ्यात नाडी ओवताना जोर केला की ती आत गोळा होते, हे ज्याच्या बोटांना माहीत आहे त्याला यातलं मर्म कळेल. फरक इतकाच की इथला नेफा पुढून बंद असतो आणि त्याची भिंत नाजूक पडद्याची असते. म्हणून इलेक्ट्रोड अगदी सावकाश सरकवायचा, शंखातलं पाणी सक्शनने ओढायचं नाही, हाडाचा भुसा आणि रक्त आत जाऊ द्यायचं नाही, ड्रिल ऐकण्याच्या साखळीतल्या हाडांना लागू द्यायचं नाही, आणि सूज कमी राहावी म्हणून स्टेरॉइड द्यायचं. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या एर्न्स्ट लेनहार्ट यांनी 1993 मध्ये ही पद्धत याच नावाने मांडली.

राउंड विंडोतून (शंखाच्या पडदा लावलेल्या नैसर्गिक खिडकीतून) जायचं की शेजारी नवं छिद्र पाडायचं, यावर सर्जन मंडळी परिषदांमधून भांडत असतात. तुम्ही त्यात पडू नका. जमेल तिथे बहुतेक जण राउंड विंडोच निवडतात, आणि हाडाची ठेवण आडवी आली तर काय करायचं हे टेबलावरच ठरतं.

आता ‘म्हणजे’कडे येऊ. सॉफ्ट सर्जरी ही सर्जनने पाळलेली रीत आहे. उरलेलं ऐकणं टिकणं हा त्यानंतर कानाने दिलेला निकाल आहे. दूध उतू न जाऊ देणं आपल्या हातात असतं, पण ते नासणार की नाही हे दुधावरही अवलंबून असतं. रीत शंभर टक्के पाळली गेली तरी शंखात आता एक परकी वस्तू कायमची राहणार असते. शरीर तिच्याभोवती सूज आणतं, तंतूंचं जाळं विणतं, आणि आतल्या पडद्याचं हलणं जड होतं. त्यामुळे ऑपरेशनच्या दिवशी टिकलेलं ऐकणंही काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी घसरू शकतं. मूळ आजारच वाढता असेल तर इम्प्लांट न करताही ते घसरलंच असतं. काही ठिकाणी इलेक्ट्रोड सरकत असतानाच कानाचे विद्युत संकेत मोजतात. संकेत पडला की सर्जन थांबतो किंवा इलेक्ट्रोड किंचित मागे घेतो. फार उपयोगी सोय आहे. पण शेवटचा संकेत छान आला याचा अर्थ त्या दुपारी कान शाबूत होता, एवढाच. पुढच्या वर्षीची हमी त्यातून मिळत नाही.

गोंधळ उलट्या बाजूनेही होतो, आणि तो मला जास्त खुपतो. “याला तर काहीच ऐकू येत नाही, मग सॉफ्ट सर्जरी कशाला?” जन्मतः बहिऱ्या बाळाच्या बाबतीत हे वाक्य ऐकलं की मी खुर्ची पुढे ओढून बसते. इलेक्ट्रोड खालच्या मजल्यावर, म्हणजे स्काला टिंपॅनीत, राहायला हवा. तो पडदा फाडून वरच्या मजल्यात घुसला तर पुढे बोलणं समजण्यावर परिणाम होऊ शकतो. आणि दीड वर्षांच्या मुलाला हा कान उभा जन्म वापरायचा आहे. आतला भाग बिघडला तर पुन्हा इम्प्लांट त्याच शंखात बसवावं लागेल. वाचवण्यासारखं ऐकणं नसेल, शंख तर आहे!

मग ऐकणं टिकवण्याचा खास आग्रह कुणी धरायचा? ज्यांचे खर्जातले आवाज अजून जिवंत आहेत त्यांनी. तबल्यातल्या डग्ग्याचा घुमारा कळतो, पण ‘सात’ म्हटलं की ‘हात’, हे कळत नाही, अशी ही माणसं. शंखाच्या तोंडाशी बारीक, चिरके आवाज टिपले जातात आणि टोकाशी खर्जातले. इलेक्ट्रोड तोंडाकडून, म्हणजे आधीच निकामी झालेल्या भागातून, आत जातो. म्हणूनच टोक वाचण्याची आशा असते. ते वाचलं तर त्याच कानात खालचे स्वर श्रवणयंत्रासारखे आणि वरचे इम्प्लांटमधून, असं दुहेरी ऐकता येतं. फ्रँकफुर्टच्या फॉन इलबेर्ग यांच्या गटाने हे 1999 मध्ये मांडलं. गाण्यात आणि गोंगाटात त्याचा फायदा खरा आहे.

पण ‘वाचलं’ हा शब्द आकड्याशिवाय मी ऐकूनच घेत नाही. समजा 250 हर्ट्झला, म्हणजे खर्जातल्या एका स्वराला, ऑपरेशनआधी 35 डेसिबल होते आणि नंतर 50 झाले (आकडा जितका मोठा, ऐकणं तितकं कमी). पंधरा गेले, पण जे उरलं ते वापरता येतं. दुसऱ्याचे 95 होते, ते 100 झाले. इथे फक्त पाच गेले, कागदावर उत्तम. पण वापरायला त्याच्याकडे आधीही काही नव्हतं आणि आताही नाही. साधारण 80 डेसिबलच्या पुढे या दुहेरी ऐकण्याला फारसा अर्थ उरत नाही. 2013 मध्ये सर्जनांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने टक्केवारीचं सूत्र काढलं. त्यात 75 टक्क्यांच्या वर टिकलं की ‘पूर्ण’ टिकलं असं धरतात. ‘पूर्ण’ या शब्दाची ही चैन मला पटत नाही. घरी सांगताना टक्के बाजूला ठेवा आणि 125, 250, 500 हर्ट्झचे यंत्राविना घेतलेले आकडे तारखेसकट मागा : ऑपरेशनआधीचे, स्विच ऑनच्या (इम्प्लांट पहिल्यांदा चालू करण्याच्या) वेळचे, सहा महिन्यांचे, वर्षाचे.

इलेक्ट्रोडच्या लांबीवरही माझं मत ठाम आहे. आखूड इलेक्ट्रोड टोकापर्यंत जात नाही म्हणून ऐकणं वाचण्याची शक्यता वाढते. पण पुढे ते ऐकणं गेलंच, तर खालच्या स्वरांसाठी आत तारही पोचलेली नसते. ज्याचा ऑडिओग्राम गेली तीन वर्षं सरळ रेषेत आहे त्याने आखूडचा विचार जरूर करावा. दर वर्षी पायरी उतरत असेल तर मी लांब, लवचिक इलेक्ट्रोडच्याच बाजूने आहे. माहितीपत्रकावर ‘हिअरिंग प्रिझर्व्हेशन’ (ऐकणं टिकवणारा) छापलंय म्हणून निवडलेला इलेक्ट्रोड हा त्याच ‘म्हणजे’चा चुलतभाऊ.

त्यामुळे सर्जनला “सॉफ्ट सर्जरी करणार ना?” असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येणार. “याचं खालचं ऐकणं वर्षभरात गेलं, तर हाच इलेक्ट्रोड पुरेल का?” असं विचारा, आणि जुने सगळे ऑडिओग्राम फाइलमध्ये क्रमाने लावून न्या.