कागदाच्या पट्टीवर कर्करोग ‘कळतो’ का?

लघवीत कागदी पट्टी बुडवा, रेघ उमटली तर कर्करोग, नाही तर निश्चिंत, असा संदेश नाशिकच्या व्हॉट्सॲप गटांवर अधूनमधून फिरत असतो. त्याचे मूळ खरे आहे, सांगणे मात्र अर्धवट आहे.

अमेरिकेतील एमआयटीमध्ये संगीता भाटिया यांच्या गटाने २०१४ मध्ये अशा पट्टीचा प्रयोग प्रसिद्ध केला, पण तो उंदरांवरचा होता आणि पट्टी वापरण्याआधी उंदरांना अतिसूक्ष्म कणांचे इंजेक्शन दिले होते. कर्करोगाच्या गाठीतील विकरे (एन्झाइम) त्या कणांवरचे पेप्टाइडचे, म्हणजे प्रथिनांसारख्या छोट्या साखळ्यांचे, तुकडे तोडतात, ते मूत्रपिंडातून लघवीत उतरतात आणि पट्टीवरची प्रतिपिंडे त्यांना पकडतात, तेव्हा रेघ दिसते. इंजेक्शन नसेल, तर पट्टीला पकडायला काहीच उरत नाही. संदेशातून नेमका हाच भाग गळाला आहे.

प्रत्यक्ष वापरातले कागदी साधन याहून साधे आणि बरेच जुने आहे. ग्वायक नावाच्या झाडाचा राळ शोषलेल्या कार्डावर विष्ठेचा पातळ थर लावून वर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब सोडला की, डोळ्यांना न दिसणारे रक्त असल्यास कागद निळा पडतो. मात्र तो रक्त दाखवतो, आतड्याचा कर्करोग नव्हे. मूळव्याधीनेही तो निळा पडेल, म्हणून पुढे दुर्बिणीची तपासणी लागतेच. उलट कागद पांढराच राहिला म्हणून सुटलो असेही नाही, कारण आतड्यातली गाठ रोज रक्त सांडतेच असे नसते.

आणि तंबाखू खाणाऱ्याच्या गालातला, पुढे कर्करोगाकडे झुकू शकणारा पांढरा चट्टा पाहायला पट्टी नव्हे, टॉर्च आणि दंतवैद्य लागतो.