गुरुत्वाकर्षणाचा नियम आणि ईश्वरश्रद्धा

विश्वातील प्रत्येक कण दुसऱ्या प्रत्येक कणाला स्वतःकडे ओढतो. ही ओढ दोघांच्या वस्तुमानांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात आणि त्यांच्यातील अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. आयझॅक न्यूटन यांनी १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ या लॅटिन ग्रंथात मांडलेला हा नियम ओढ किती ते सांगतो. ती का आहे, याबद्दल काही बोलत नाही. श्रद्धेशी त्याचा संबंध आला तो मुख्यतः या मौनामुळे, आणि आस्तिक-नास्तिक दोघांनीही त्या रिकाम्या जागेत आपापली उत्तरे भरली.

नियमाची ताकद एका छोट्या हिशेबात दिसते. जमिनीजवळ हातातून सुटलेली वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर खाली येते. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून साधारण ६० पृथ्वी-त्रिज्यांवर आहे, म्हणून तेथे ओढ ३,६०० पटीने कमी हवी. ४.९ मीटरला ३,६०० ने भागले की जेमतेम १.४ मिलिमीटर उरतात. आणि चंद्र आपल्या सरळ वाटेपासून सेकंदाला खरोखरच तेवढा पृथ्वीकडे वळतो. ॲरिस्टॉटलपासून युरोपात आकाशाला एक न्याय आणि मातीला दुसरा, असे मानत आले होते. ती विभागणी येथे संपली. सफरचंद डोक्यात पडल्याची कथा मात्र नंतरची भर आहे. न्यूटन यांनी उतारवयात आपले मित्र आणि चरित्रकार विल्यम स्टकली यांना सांगितले ते फळ पडताना पाहून विचार सुचल्याचे.

१६९२ साली लंडनमध्ये नास्तिकतेच्या खंडनासाठी बॉइल व्याख्याने सुरू झाली. पहिले व्याख्याते रिचर्ड बेंटली यांनी न्यूटनना शंका विचारल्या, आणि उत्तरादाखल आलेली चार पत्रे हा या विषयातला सर्वांत मोलाचा ऐवज आहे. ग्रंथ लिहिताना विचारी माणसांची ईश्वरावरील श्रद्धा दृढ व्हावी, हे आपल्या मनात होतेच, असे न्यूटन त्यांत कबूल करतात. ग्रह सूर्याकडे ओढले जातात हे नियमातून निघते, पण त्यांना कक्षेत ठेवणारी आडवी गती निघत नाही; ती त्यांच्या मते ईश्वराने दिली. मात्र मधल्या पोकळीतून, कशाच्याही मध्यस्थीशिवाय, एक जड वस्तू दुसरीला ओढते ही कल्पना त्यांना सपशेल हास्यास्पद वाटे. ओढीचा कर्ता भौतिक की अभौतिक, हे त्यांनी वाचकांवर सोडले. पुढे १७१३ च्या आवृत्तीत तर त्यांनी कारणाबद्दल आपण तर्क लढवत नाही, असे स्पष्टच लिहिले.

हे जर्मन तत्त्वज्ञ आणि गणिती लाइबनिट्स यांना पटले नाही. १७१५-१६ मध्ये न्यूटनपक्षीय पाद्री सॅम्युएल क्लार्क यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी टोला हाणला, की यांच्या देवाला आपल्या घड्याळाला अधूनमधून किल्ली द्यावी लागते. टोला वर्मी लागणारा होता, कारण ग्रहांच्या परस्परांवरील ओढीने सूर्यमाला हळूहळू विस्कटेल आणि तिची घडी पुन्हा बसवावी लागेल, असे न्यूटन यांनीच सुचवले होते. पुढे फ्रेंच गणिती लाप्लास यांनी गुरू-शनीच्या गतीतील बिघाड सुमारे ९०० वर्षांच्या चक्राने फिरून येतो, हे त्याच नियमातून दाखवले. ‘त्या गृहीतकाची मला गरज पडली नाही’ हे त्यांनी नेपोलियनला दिलेले उत्तर आख्यायिका म्हणूनच घ्यावे. पण ज्ञानातल्या फटीत देव बसवला की फट बुजताच त्याची जागा जाते, ही अडचण खरी आहे.

आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त ‘आकृष्टिशक्तिश्च मही’, म्हणजे पृथ्वीच्या अंगी ओढण्याची शक्ती आहे, असे म्हटले आहे. यावरून न्यूटनचा शोध आपलाच, असा दावा समाजमाध्यमांवर फिरतो. तो टिकत नाही: येथे ओढ आहे ती पृथ्वीची, आणि अंतराच्या वर्गाचे गणित नाही. खरी गंमत शेजारच्या श्लोकात आहे. पृथ्वीला आधार मानला तर त्या आधारालाही आधार लागेल, आणि याला अंत नाही. शेवटी कुणाच्या तरी अंगी स्वतःची शक्ती मानायचीच, तर ती पृथ्वीच्याच अंगी का नको? शेष-कूर्म असे बाजूला सारून लगेच ते पृथ्वीला अष्टमूर्ती, म्हणजे आठ रूपांच्या, शिवाचे एक रूप म्हणतात. या दोन्हींत त्यांना विरोध दिसत नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे.

जगण्यात या ओढीचे महत्त्व कळते ते वजन जाणवेनासे झाल्यावर. अंतराळस्थानकात पुरेसा व्यायाम नसेल, तर भार पेलणारी हाडे महिन्याला एक ते दीड टक्का घनता गमावतात. बियाणे उलटे पेरले तरी मूळ खाली वळते, तेही तिच्याच इशाऱ्यावर.

‘कर्माचा नियम गुरुत्वाकर्षणासारखाच’ असे प्रवचनांत हमखास ऐकू येते. गच्चीवरून पाय घसरला तर पुजारी आणि नास्तिक सारखेच खाली येतात, एवढ्यापुरते हे साम्य ठीक. पण गुरुत्वाकर्षणाचा हिशेब पुढच्या जन्मावर जात नाही, तो मोजता येतो आणि चुकला तर दिसतो. युरेनसचे गणित जुळेना तेव्हा १८४६ मध्ये नियमाच्याच आधारे नेपच्यून सापडला. बुधाच्या कक्षेतली शतकाला ४३ विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) तफावत मात्र कोणत्याही नव्या ग्रहाने मिटली नाही. ती १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताने मिटली, आणि न्यूटनचा नियम अचूक सत्य न राहता उत्तम अंदाज ठरला.