एस४० : नाव एक, गाड्या दोन

आपल्याकडे व्होल्वो म्हटलं की बस. दादरहून पुण्याला जाणारी, सीट मागे टाकून झोप काढता येणारी एसी बस. आता तर बांधणी कुणाचीही असो, लांब पल्ल्याच्या एसी गाडीला लोक सरसकट ‘व्होल्वो’ म्हणून मोकळे होतात. त्यामुळे या नावाची एक आटोपशीर, चार दारांची घरगुती सेडानही होती आणि ती युरोपात सतरा वर्षं विकली जात होती, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. तिचं नाव एस४०. ज्यांना ती माहीत असते, त्यांचा घोटाळा पुढे होतो, कारण एस४० नावाच्या गाड्या दोन. पहिली १९९५ ते २००४, दुसरी २००३च्या अखेरीपासून २०१२पर्यंत. दिवे बदलले, बंपर बदलला आणि नवीन मॉडेल म्हणून आणलं, असला हा प्रकार नाही. दोघींचा खालचा सांगाडा वेगळा, कारखाना वेगळा, देश वेगळा आणि मधल्या काळात कंपनीचा मालकही बदललेला.

हे असं का झालं, याचं उत्तर पैशात आहे. लहान गाडी एकट्याच्या बळावर काढणं व्होल्वोला कधी परवडलंच नाही. नवीन गाडी उभी करायला लागणारा खर्च गाडी लहान म्हणून फारसा कमी होत नाही, पण दर गाडीमागे सुटणारा पैसा मात्र चांगलाच कमी होतो. म्हणजे ती लाखांनी खपली तरच गणित जमतं. पहिली एस४० आली तेव्हा सगळ्या स्वीडनची लोकसंख्या नव्वद लाखांच्या आत होती. आपल्या मुंबईतच त्याहून जास्त माणसं राहतात. घरचं गिऱ्हाईक पुरणार नाही, हे उघड होतं. मग व्होल्वोने दर वेळी भागीदार शोधला, आणि त्या त्या भागीदाराची खूण गाडीवर राहिली.

व्होल्वोचा जन्म स्वीडनच्या गोथेनबर्गमधला. असार गाब्रिएलसन हा हिशेबाचा माणूस आणि गुस्ताफ लार्सन हा इंजिनिअर. दोघांना भांडवल दिलं एसकेएफने, म्हणजे चिंचवडला जिचा बेअरिंगचा कारखाना आहे त्याच कंपनीने. १४ एप्रिल १९२७ला पहिली गाडी बाहेर पडली, पुढच्याच वर्षी ट्रक आले. गाड्यांचं नाव झालं ते दणकटपणासाठी आणि नंतर सुरक्षिततेसाठी. आज कुठल्याही गाडीत खांद्यावरून कमरेपर्यंत आडवा येणारा जो तीन बिंदूंचा पट्टा आपण लावतो, तो व्होल्वोच्या निल्स बोलीनचा, १९५९चा. पण या गाड्या मोठ्या होत्या. लहान गाडीचा अनुभव व्होल्वोकडे नव्हता, तो तिने विकत घेतला.

विकत घेतला डाफकडून. ही हॉलंडची कंपनी आज ट्रकसाठी ओळखली जाते, पण तेव्हा ती छोट्या गाड्याही काढायची. त्या गाड्यांत नेहमीचा गिअरबॉक्स नसे, रबरी पट्ट्यांवर चालणारी व्यवस्था असे. तिचा गमतीचा परिणाम असा, की गाडी जितक्या वेगाने पुढे जायची, तितक्याच वेगाने मागेही जाऊ शकायची. हॉलंडमध्ये लोकांनी तिच्या उलट्या शर्यती लावल्या. १९७०च्या दशकात व्होल्वोने डाफचा मोटारगाड्यांचा धंदा टप्प्याटप्प्याने ताब्यात घेतला आणि त्यासोबत लिंबुर्ख प्रांतातल्या बोर्न गावचा कारखाना आला. कोळशाच्या खाणी बंद पडत चाललेल्या त्या भागात रोजगार यावा, म्हणून तो १९६७मध्ये उभा राहिला होता. तिथेच पुढे व्होल्वोच्या ३०० आणि ४०० मालिकेतल्या गाड्या बनल्या. तरी पैशाची ओढाताण संपेना. शेवटी १९९१मध्ये कारखान्याचे तीन वाटे झाले: एक व्होल्वोचा, एक मित्सुबिशीचा, एक डच सरकारचा. कारखान्याचं नाव नेडकार.

पहिली एस४० या तिघांच्या संसारातून आली. एकाच कारखान्यात मित्सुबिशीची करिस्मा आणि व्होल्वोची एस४० अशा दोन गाड्या बनत होत्या, आणि दोघींचा सांगाडा मुळात एकच. वरून बघून कुणाला शंका येणार नाही इतका वेगळा पेहराव दोघींना दिला होता, पण मागच्या चाकांपाशी वाकून पाहिलं की नातं दिसतं. बहुतेक पेट्रोल इंजिनं व्होल्वोची स्वतःची, काही गाड्यांत मित्सुबिशीचं १.८ लिटरचं, डिझेल रेनॉचं. स्वीडिश म्हणून विकलेल्या गाडीच्या पोटात जपान आणि फ्रान्स, आणि पत्ता हॉलंडचा.

नावावरूनही कुरबुर झाली. गाडीचं नाव आधी एस४ ठरलं होतं, पण ते ऑडीकडे होतं. मग एक शून्य लावलं आणि एस४० झालं. मागे सामानाची मोठी जागा असलेल्या तिच्या इस्टेट बहिणीला व्ही४० म्हटलं. पुढे व्होल्वोची सगळी नावं याच पद्धतीने पडली.

चालवायला पहिली एस४० बरी, पण फार काही नाही, असं तेव्हाचे परीक्षक म्हणत. मलाही ते पटतं. कागदावर किंवा रस्त्यावर, तिच्यात जीव ओतला आहे असं वाटत नाही. अपवाद शर्यतीचा. रिकार्ड रिडेलने १९९८ची ब्रिटिश टूरिंग कार अजिंक्यपद स्पर्धा एस४०मध्ये बसून जिंकली. ती गाडी अर्थात शोरूममधल्या गाडीची फक्त कातडी पांघरलेली होती.

तिने नाव काढलं ते दुसऱ्या ठिकाणी. युरो एनकॅप ही गाड्या ठोकून बघणारी संस्था १९९७मध्ये सुरू झाली. पहिले निकाल आले तेव्हा बऱ्याच कंपन्या चिडल्या. या कसोटीवर चार तारे मिळवणं कुठल्याच गाडीला शक्य नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये एस४०ने चार तारे घेतले. चार तारे मिळवणारी ती पहिली गाडी. इथे एक सावधगिरी हवी. दुसऱ्या एस४०ला २००४मध्ये पाच तारे मिळाले, म्हणून पहिली एका ताऱ्याने कमी, असा हिशेब लोक मांडतात. तो चुकीचा आहे. पहिलीच्या वेळी चारच्या वर कुणी गेलंच नव्हतं. पाच तारे मिळवणारी पहिली गाडी रेनॉची लागूना, तीही २००१मध्ये. शिवाय मधल्या काळात कसोटीही बदलली. अर्थात प्रत्यक्ष धडकेत नवीनच गाडी जास्त वाचवेल, यात वाद नाही, पण ते ताऱ्यांच्या वजाबाकीतून सिद्ध होत नाही.

आता १९९९. दोन एस४०मधली भिंत ती हीच, आणि बस विरुद्ध कार हा आपला घोळही इथलाच. व्होल्वो ही तोवर एकच कंपनी होती: ट्रक, बस, बांधकामाची यंत्रं, बोटींची इंजिनं आणि गाड्या. १९९९मध्ये तिने गाड्यांचा विभाग तेवढा फोर्डला ६४५ कोटी डॉलरना विकला. आलेल्या पैशांतून स्कॅनिया ही स्वीडनचीच दुसरी ट्रक कंपनी घेऊन ट्रकच्या धंद्यात मोठं व्हायचं, असा डाव होता. तो युरोपीय आयोगाने २०००मध्ये अडवला, मग व्होल्वोने रेनॉचे आणि अमेरिकेच्या मॅकचे ट्रक घेतले. म्हणजे तुम्ही पुण्याला ज्या व्होल्वोने जाता ती बनवणारी कंपनी एबी व्होल्वो, आणि एक्ससी६० ही कार बनवणारी व्होल्वो कार्स. दोघींची मुख्यालयं गोथेनबर्गलाच. ‘व्होल्वो’ हे नाव आणि ते बाणाचं चिन्ह तिसऱ्याच एका कंपनीच्या मालकीचं, आणि त्या कंपनीत दोघींचा निम्मा-निम्मा वाटा.

आपल्या देशातही दोघी वेगवेगळ्या वेळी आल्या. बेंगळुरूजवळच्या होसकोटेला आधी ट्रक, मग २००१पासून बस. कार २००७मध्ये आली. पुढे २०१७मध्ये बेंगळुरूला कारची जुळणी सुरू झाली तेव्हा व्होल्वो कार्सने आपल्या जुन्या भावंडाच्याच सोयी वापरल्या. वाटण्या झालेल्या घरात चूल वेगळी पण विहीर एक असते, त्यातला प्रकार. आणखी एक गाठ २०१०नंतरची आहे. फोर्डने व्होल्वो कार्स चीनच्या जीलीला विकली, आणि २०१७च्या शेवटी त्याच जीलीने एबी व्होल्वोतही ८ टक्क्यांच्या आसपास हिस्सा घेण्याचं जाहीर केलं. कंपन्या मात्र वेगळ्या त्या वेगळ्याच.

फोर्डच्या घरात गेल्यावर बोर्नचं काय करायचं, हा प्रश्नच उरला नाही. नेडकारमधला वाटा मित्सुबिशीकडे गेला आणि लहान गाडीसाठी फोर्डकडे स्वतःचं काही तयार होत होतं. जर्मनीत कोलोनला फोर्ड, माझदा आणि व्होल्वो या तिघांचे इंजिनिअर एकत्र बसून एक सामायिक सांगाडा घडवत होते. त्याचं नाव सी१. त्यावर फोर्डची दुसरी फोकस, माझदा ३ आणि दुसरी एस४० अशा तिघी उभ्या राहिल्या. बांधणी बेल्जियममधल्या गेंटला. तिथला व्होल्वोचा कारखाना १९६५चा. स्वीडन तेव्हा युरोपच्या सामायिक बाजारात नव्हता, म्हणून जकातीच्या भिंतीच्या आत पाय रोवायला काढलेला.

दुसरी एस४० पहिलीहून जरा आखूड आहे आणि चांगलीच रुंद. म्हणून ती रस्त्यावर बसल्यासारखी दिसते. खिडक्यांच्या खाली दोन्ही बाजूंना ठळक खांदे आहेत. तिचं इंजिन मात्र खरं लक्ष देण्याजोगं. लहान गाडीत चार सिलिंडर असतात, ही जगाची रीत. व्होल्वोने या गाडीत पाच सिलिंडरचं इंजिन आडवं बसवलं आणि ते बसावं म्हणून इंजिनाच्या भोवतीची सगळी उपकरणं दाबून-दुमडून अगदी सडपातळ केली. टी५ या सगळ्यात दमदार प्रकारात २.५ लिटर, टर्बो आणि सुरुवातीला २२० अश्वशक्ती. पाच सिलिंडरचा आवाज चारसारखा सपाट नसतो आणि सहासारखा गुळगुळीतही नसतो; एक घोगरी, विषम ताल असलेली गुरगुर येते. फोर्डला ती इतकी आवडली, की फोकसच्या एसटी आणि नंतर आरएस या वेगवान आवृत्त्यांत फोर्डने व्होल्वोचंच हे इंजिन घातलं. व्होल्वोने फोर्डचा सांगाडा घेतला असं सगळे म्हणतात, पण उलटा प्रवास फारसा कुणी सांगत नाही. स्वस्तातल्या गाड्यांत अर्थात फोर्ड-माझदाची चार सिलिंडरची इंजिनं होती आणि लहान डिझेल फोर्ड-पूजोच्या भागीदारीतलं. सगळ्याच दुसऱ्या एस४० गुरगुरत नाहीत.

आत बसलात तर ओळख क्षणात पटते. पहिलीत डॅशबोर्डच्या मधला भाग नेहमीसारखा भरीव ठोकळा. दुसरीत तो एक पातळ, किंचित वळलेली पाटी होऊन उभा आहे, मागे मोकळी जागा आहे आणि तिथे हात घालून पाकीट ठेवता येतं. पाटीवर चार गोल बटणं, मधे फोनसारखा आकड्यांचा संच. त्या काळात एवढा भाग इतका बारीक कुणी करून दाखवला नव्हता, असं माझं मत. वापरायला तो तितका सोयीचा नव्हता हेही खरं. पाकीट ठेवायला वाकावं लागतं आणि मग ते तिथेच राहतं.

यातली ‘खरी व्होल्वो’ कुठली, हा वाद जुन्या गाड्यांचे शौकीन हमखास घालतात. स्वीडनमध्ये तयार झालेली म्हणाल तर एकही नाही. चासी नंबर मात्र दोघींचा ‘वायव्ही’ने सुरू होतो, आणि ती अक्षरं स्वीडनची. पहिलीची बहुतेक इंजिनं व्होल्वोच्याच, स्वीडनमधल्या शेव्डेच्या कारखान्यातली, पण बाकी देहावर मित्सुबिशीची छाप. दुसरी जास्त परक्या सांगाड्यावर असूनही, माझ्या लेखी, जास्त व्होल्वो आहे, कारण त्या सांगाड्याच्या घडणीतच व्होल्वोचे लोक बसले होते.

परदेशात राहणारं कुणी जुनी एस४० घ्यायच्या विचारात असेल, तर विक्रेत्याच्या तोंडच्या वर्षावर जाऊ नये. २००४ या एकाच वर्षाच्या दोन्ही गाड्या सापडतात. अमेरिकेत तर त्या वर्षी जुनीला २००४ आणि नवीला ‘२००४.५’ असं म्हणायची वेळ आली. चासी नंबरात, आकडे धरून, चौथ्या जागी असलेलं अक्षर बघावं: ‘व्ही’ असेल तर जुनी, ‘एम’ असेल तर नवी. पार्ट मागवतानाही तेच अक्षर सांगावं. इस्टेट बहिणीवरूनही कळतं: पहिलीची व्ही४०, दुसरीची व्ही५०. आणि २०१२मध्ये एस४० बंद झाल्यावर जी व्ही४० आली, आपल्याकडेही विकली गेली, ती यातली कुठलीच नव्हे. ती पाच दारांची हॅचबॅक, गेंटचीच. तिचे पार्ट जुन्या व्ही४०ला लागत नाहीत.