लिफ्टवरची गाडी घराच्या विम्यात येते का?

"गाडी घरातच उभी आहे, म्हणजे घराच्या विम्यात आलीच." अमेरिकेत वर्षानुवर्षं चालत आलेला हा समज चुकीचा आहे. तिथल्या नेहमीच्या, 'एचओ-३' नावाच्या घरविम्यातून रस्त्यावर चालवायची मोटार वगळलेली असते. गॅरेज जळालं तर भिंती-छपराचे पैसे मिळतील, एका गाडीवर दुसरी ठेवता यावी म्हणून गॅरेजात बसवलेल्या चार खांबांच्या लिफ्टवर चढवलेल्या पोर्शचे नाहीत. आग, चोरी, वरून काही कोसळणं यासाठी गाडीच्याच पॉलिसीतला 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' भाग लागतो. हिवाळ्यात गाडी काढत नाही म्हणून अख्खी पॉलिसी बंद करणारे इथेच फसतात, आणि ते पाहून फार वाईट वाटतं. रस्त्यावरच्या अपघाताचा भाग थांबवून हा भाग चालू ठेवता येतो. न्यूयॉर्कमध्ये मात्र आधी नंबरप्लेट जमा करावी लागते. लिफ्टच निकामी होऊन वरची गाडी खालचीच्या टपावर आली, तर भरपाई कशातून मिळेल, हे कंपनीकडून लेखी घ्या.