बंब धुरकटतो कशामुळे?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील कितीतरी घरांत अंघोळीच्या पाण्यासाठी तांब्याचा बंब आजही रोज सकाळी पेटतो. पावसाळ्यात महाबळेश्वर, जावळी, पाटण या भागांत आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही, त्यामुळे सौर तापक निरुपयोगी ठरतो. ऊस आणि द्राक्षांच्या पट्ट्यात जळण शेतातच तयार होते आणि त्याला पैसे मोजावे लागत नाहीत. बंबाचा वापर यापुढेही चालूच राहणार असेल, तर त्यात नेमके काय घडते हे समजून घेतले पाहिजे, कारण धूर, जळणाची नासाडी आणि घरातल्या माणसांना होणारा धोका या तिन्ही गोष्टींचे मूळ बहुतेक वेळा एकच असते.

लाकूड पेटले असे आपण म्हणतो, परंतु ज्योत लाकडाची नसते. लाकूड तापू लागले की आधी त्यातले पाणी वाफ होऊन निघून जाते. पुढे साधारण 200 ते 300 अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात लाकडाचे विघटन सुरू होऊन त्यातून ज्वलनशील वायू आणि डांबरासारख्या पदार्थांची वाफ बाहेर पडते. वाळलेल्या लाकडाच्या वजनातला सुमारे तीन चतुर्थांश भाग असा वायुरूपाने निघून जातो आणि मागे उरतो तो कोळसा. पिवळी ज्योत या वायूंची असते, तर लाल निखारा कोळशाचा. हे वायू पूर्ण जळण्यासाठी त्यांना पुरेशी हवा, सुमारे 600 अंशांच्या वरचे तापमान आणि त्या तापमानात टिकून राहायला थोडा वेळ लागतो. यांपैकी एकही गोष्ट कमी पडली, तर ते वायू अर्धवट जळून किंवा न जळताच बाहेर पडतात आणि आपल्याला धूर दिसतो. म्हणजे धूर हे वाया गेलेले जळणच आहे.

बंबाची खरी अडचण त्याच्या रचनेत आहे. मधल्या नळीत जाळ असतो आणि नळीभोवती पाणी असते. पाण्याला उष्णता पोहोचवण्यासाठी ही रचना उत्तम आहे, कारण ज्योतीला चहूबाजूंनी तांब्याची भिंत मिळते. पण नीट ज्वलन होण्यासाठी तीच रचना प्रतिकूल आहे, कारण पाण्याला लागून असलेली ती भिंत 100 अंशांच्या फारशी वर जाऊ शकत नाही. जे वायू 600 अंशांवर जळायला हवेत ते या थंड भिंतीला लागताच विझतात आणि त्यांची काजळी होते. गुऱ्हाळाच्या चुलवाणात असे होत नाही, कारण तिथे जाळ माती-विटांच्या तापलेल्या भिंतींमध्ये पूर्ण पेटतो आणि त्यानंतर काहिलीच्या बुडाला लागतो. बंबाच्या भिंती बदलणे आपल्या हाती नाही. म्हणून जाळ लहान, कडक आणि नळीच्या खालच्या भागात, जाळीच्या लगत ठेवणे हाच त्यावरचा उपाय ठरतो.

व्यवहारात मात्र बहुतेक घरांत याच्या उलट केले जाते. नळी वरपर्यंत लाकडांनी ठासून भरायची, खालून पेटवायचे आणि दुसऱ्या कामाला लागायचे, ही पद्धत सोयीची असली तरी तिच्यात खालच्या जाळाने वरची सगळी लाकडे एकाच वेळी तापतात, सगळ्यांमधून वायू निघू लागतात, आणि ते जाळायला लागणारी हवा व मोकळी जागा नळीत उरलेलीच नसते. मनगटापेक्षा बारीक फोडलेल्या, वीतभर लांबीच्या ढलप्या थोड्या थोड्या टाकल्या आणि नळीचा वरचा निम्मा भाग ज्योतीसाठी मोकळा ठेवला, तर धूर लक्षणीय कमी होतो. चुलवाणात चिपाड टाकणारा माणूस एकदम भारा टाकत नाही, सारखे थोडे थोडे सारत राहतो, त्यामागेही हेच कारण आहे.

एक किलो वाळलेले लाकूड पूर्ण जळायला सुमारे 5 घनमीटर हवा लागते. ती खेचण्यासाठी बंबाला पंखा नसतो. ते काम नळीतली तापलेली हवाच करते. 20 अंशांच्या एक घनमीटर हवेचे वजन सुमारे 1.2 किलो असते, तर 200 अंशांच्या तेवढ्याच हवेचे सुमारे 0.75 किलो. या फरकामुळे गरम हवा वर जाते आणि खालून ताजी हवा आत येते. नळीवर पत्र्याचे धुराडे बसवून उंची वाढवली तर ओढ वाढते आणि धूर छपराच्या वर निघून जातो. मात्र ओढ अवाजवी वाढली तर उष्णताही पाण्याला न लागता वर निघून जाते, म्हणून धुराडे उंच असेल तर राखेचे दार किती उघडे ठेवायचे हे ज्योतीकडे पाहून ठरवावे. बंब धुमसत असल्याच्या तक्रारीत सर्वांत आधी जाळीखालची राख पाहावी. कालची राख तशीच साठलेली असेल तर हवेची वाट बंद होते, आणि मग कितीही फुंकले तरी जाळ धरत नाही.

आता ओल. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. पाण्याची वाफ करायला किलोमागे सुमारे 2.26 मेगाज्यूल उष्णता खर्च होते, आणि कोरड्या लाकडातून किलोमागे सुमारे 18 मेगाज्यूल मिळते. आकडे पाहता वाफेवर जाणारा खर्च काही फार मोठा वाटत नाही. खरे नुकसान वेगळे आहे: ओल निघत असताना जाळाचे तापमान खाली येते, वायू पेटतच नाहीत, आणि उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग धुराच्या रूपाने निघून जातो. लाकूड किती वाळेल हे हवेवर अवलंबून असते. आटपाडी, जत किंवा माण-खटावच्या कोरड्या उन्हाळ्यात, जिथे हवेची आर्द्रता 30 टक्क्यांच्या आसपास उतरते, लाकडातली ओल 6-7 टक्क्यांपर्यंत येऊ शकते. पाटण-महाबळेश्वरच्या पावसाळ्यात, आर्द्रता 90 टक्के असताना, छपराखालचे लाकूडही सुमारे 20 टक्के ओल धरून राहते. म्हणून पश्चिम भागातल्या घरांनी पावसाळ्याचे जळण हिवाळ्याच्या अखेरीसच फोडून ठेवायला हवे. न फोडलेले ओंडके वर्षभर ठेवूनही आतून ओलेच राहतात. रास जमिनीपासून थोडी उचललेली, वरून झाकलेली आणि बाजूंनी उघडी असावी. प्लॅस्टिकच्या कागदात चहूबाजूंनी गुंडाळलेले लाकूड वाळत नाही, कुजते. लाकूड वाळले की नाही हे पाहण्यासाठी एका ढलपीवर खूण करून ती आठवड्याने आठवड्याने वजन काट्यावर ठेवावी, आणि वजन उतरायचे थांबले की रास वापरायला काढावी.

लाकूड बाभळीचे की सुबाभळीचे हा प्रश्न लोक समजतात तेवढा महत्त्वाचा नाही, कारण सारख्या ओलीच्या लाकडातून किलोमागे मिळणारी उष्णता जवळपास सारखीच असते; बाभूळ जड असल्याने तेवढ्याच जागेत जास्त मावते, एवढेच. तुरकाट्या पेटवणाला चांगल्या. शेणीत राख फार होत असल्याने जाळी वारंवार मोकळी करावी लागते. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तासगाव भागात द्राक्षाच्या काड्यांचे ढीग लागतात आणि त्या वाळल्यावर उत्तम जळतात. परंतु बागेवर बोर्डो मिश्रणासारखी औषधे फवारलेली असतात आणि त्यातले तांबे जळून नाहीसे होत नाही, ते राखेत उरते, त्यामुळे ही राख भांडी घासायला वापरू नये. पेटवणासाठी प्लॅस्टिकच्या पिशव्या, टायरचे तुकडे किंवा रंगवलेली फळकुटे कधीही वापरू नयेत, कारण त्यांचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा कितीतरी विषारी असतो.

पहाटे थंड पाण्याचा बंब पेटवला की पहिली काही मिनिटे नळीतून थेंब गळतात आणि निखाऱ्यावर चर्र आवाज होतो. बंब गळू लागला असे समजून तो डाक (वितळवलेल्या धातूचा जोड) लावायला नेला जातो. वास्तविक एक किलो पूर्ण कोरडे लाकूड जळले तरी त्यातल्या हायड्रोजनपासून अर्ध्या किलोहून अधिक पाणी तयार होते, आणि भिंत सुमारे 50 अंशांच्या खाली असेपर्यंत त्यातले काही तिच्यावर दवासारखे जमते. पाणी तापल्यावर थेंब थांबले तर बंब शाबूत आहे. तापल्यावरही गळत राहिले तर खरेच भोक पडले आहे. हेच पाणी काजळी आणि डांबरात मिसळून नळीला काळा थर देते. तो थर उष्णता अडवतो आणि जाड झाल्यावर स्वतःच पेट घेऊ शकतो, म्हणून नळी थंड असताना काथ्याच्या कुंच्याने नियमित घासावी. बोअरच्या पाण्याने आतून धरणाऱ्या क्षारांची लोक जास्त काळजी करतात. क्षार काढावेत हे खरे, पण लाकडी बंबात उष्णतेची मुख्य अडवणूक धुराच्या बाजूला असते, म्हणून जळण वाचवायचे तर आधी काजळी काढावी.

आपला बंब किती चांगला चालतो हे घरी मोजता येते. 40 लिटर पाणी 20 अंशांपासून 50 अंशांपर्यंत तापवायला 40 गुणिले 4.19 गुणिले 30, म्हणजे सुमारे 5 मेगाज्यूल लागतात. बऱ्यापैकी वाळलेल्या लाकडातून किलोमागे 15 मेगाज्यूल धरले आणि दीड किलो लाकूड लागले, तर 22.5 मधले 5 मेगाज्यूल, म्हणजे सुमारे 22 टक्के उष्णता पाण्यात उतरली. भारतीय मानक ब्युरोने घरगुती लाकडी चुलीसाठी किमान 25 टक्के, आणि पंख्याच्या चुलीसाठी 35 टक्के कार्यक्षमतेची अट घातली आहे. तुलनेसाठी हे आकडे उपयोगी पडतात.

सुरक्षिततेच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. धूर थांबला म्हणजे धोका टळला ही समजूत घातक आहे, कारण ज्योत विझून नुसते निखारे उरतात तेव्हा धूर दिसत नाही, परंतु हा वायू निघतच असतो. धग टिकावी म्हणून अशा वेळी नळीवर झाकण ठेवण्याची सवय असते, आणि त्यामुळे हा वायू उलट खालच्या दारातून बाहेर येतो. बंब पडवीत किंवा परसात, उघड्यावर असावा. बंद न्हाणीत पेटता बंब किंवा थंडीत निजायच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी कधीही ठेवू नये. घरातल्या दोघा-तिघांचे एकदमच डोके दुखू लागले, मळमळले, गरगरले, तर सर्वांनी आधी मोकळ्या हवेत यावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

रिकामा बंब पेटवू नये, कारण पाणी नसले की भिंत 100 अंशांच्या आसपास थांबत नाही, तापतच जाते. कथील 232 अंशांना वितळते आणि कथील-शिशाचा डाक त्याआधीच सुटतो. ज्या बंबात नरसाळ्यातून गार पाणी ओतले की तोटीतून गरम पाणी बाहेर येते, त्याच्या तोटीला कॉक बसवू नये आणि नरसाळे किंवा झाकण घट्ट बंद करू नये. एक लिटर पाण्याची सुमारे 1,700 लिटर वाफ होते, आणि तिला जायला वाट उरली नाही तर बंब फुटतो. 60 अंशांचे पाणी मोठ्या माणसाच्या कातडीला साधारण 5 सेकंदांत खोल भाजते, लहान मुलांना त्याहून लवकर. म्हणून बादलीत नेहमी आधी गार पाणी घ्यावे आणि मग गरम सोडावे. राखेत दडलेला निखारा दुसऱ्या दिवसापर्यंतही जिवंत राहू शकतो, तेव्हा ती राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरावी आणि पूर्ण गार झाल्याशिवाय उकिरड्यावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ टाकू नये.