उंदरीण प्रयोगाबाहेर कशी राहिली

ब्राह्मी किंवा शंखपुष्पीचा स्मरणशक्तीवर काय परिणाम होतो, हे उंदरांवर पाहणारे एम.फार्म.चे विद्यार्थी नाशिकच्या फार्मसी कॉलेजांतही भेटतात. अशा प्रबंधांत प्राण्यांचे वर्णन एका ठरावीक ओळीत उरकते: विस्टार रॅट्स (प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांची एक जात), १५० ते २०० ग्रॅम, आणि पुढे ‘मेल’ किंवा ‘ऑफ आयदर सेक्स’. ‘मेल’ निदान स्पष्ट आहे. खरा घोळ घातला आहे तो ‘आयदर सेक्स’ने.

वाचणाऱ्याला वाटते, नर-मादी दोन्ही घेतले. प्रत्यक्षात पुष्कळदा ॲनिमल हाउसमधून जे मिळाले ते घेतलेले असते. सहा-सहाच्या गटांत नर किती, माद्या किती, हे तक्त्यात नसते. समजा कंट्रोल गटात, म्हणजे औषध न दिलेल्या गटात, चार माद्या आल्या आणि औषधाच्या गटात एकच. मग दिसलेला फरक औषधाचा की लिंगाचा? प्राण्यांवरील प्रयोगाच्या परवानगीसाठी भरायच्या फॉर्म बी मध्ये लिंगासाठी वेगळा रकाना आहे, पण तिथेही हेच दोन शब्द खपून जातात. दोन्ही नीट घ्यायचे तर प्राणी दुप्पट लागतील, एथिक्स कमिटी संख्येवर अडेल, असे कारण दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. प्रत्येक गटात तीन नर, तीन माद्या ठेवून विश्लेषणात लिंग हा घटक धरला, तर आहे त्या संख्येत ठळक फरक तरी नजरेला येतो. औषध नरात एक आणि मादीत दुसरे काम करते का, हे खात्रीने सांगायचे असेल तेव्हा संख्या वाढवावी लागते. मला सर्वांत खटकते ते वेगळेच. तीव्र विषाक्ततेची चाचणी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार बहुधा माद्यांवर होते, कारण फरक दिसलाच तर त्या किंचित जास्त संवेदनशील निघतात. म्हणजे डोस ठरवायला मादी चालते आणि स्मरणशक्ती मोजायची वेळ आली की नर आणला जातो.

मादी टाळण्याची सवय जुनी आहे. उंदरिणीचे चार-पाच दिवसांचे ऋतुचक्र १९२२ साली तपशिलात मांडले गेले. चाकातले तिचे धावणेही त्याच चक्राने वाढते-घटते, हे पुढच्याच वर्षी दिसले. मादीचे आकडे फार विखुरतात, हा समज अशा निरीक्षणांवर पोसला. चक्र पाहायचे तर रोज सकाळी स्मिअर, म्हणजे योनीतल्या पेशींचा नमुना, घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा: गोल, केंद्रक असलेल्या पेशी म्हणजे प्रोइस्ट्रस (माजाआधीची अवस्था), वाळल्या पाकळ्यांसारख्या बिनकेंद्रकाच्या पेशी म्हणजे इस्ट्रस (माजाची अवस्था). एवढी कटकट कोण करणार, म्हणून नर बरा. समजाची पडताळणी व्हायला मात्र २०१४ उजाडले. ‘माइस’ म्हणजे लहान जातीच्या उंदरांवरच्या २९३ शोधनिबंधांत, चक्र न पाहता घेतलेल्या माद्यांचे आकडेही नरांपेक्षा जास्त विखुरलेले नव्हते. २०१६ मध्ये रॅट या मोठ्या उंदराबद्दलही तेच निघाले, आणि त्याच वर्षापासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या (एनआयएच) संशोधन-निधीच्या अर्जात लिंगाचा विचार मांडणे बंधनकारक झाले.

स्मरणशक्ती मोजायची पाण्याच्या टाकीची चाचणी आली १९८१ मध्ये. पाण्याखाली सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरवर दडवलेला प्लॅटफॉर्म उंदराने भिंतीवरच्या खुणांवरून शोधायचा. नर तो लवकर शोधतात, म्हणून नरांची स्मृती चांगली, असा निष्कर्ष रुळला. पण पहिल्या दिवसांत माद्या टाकीच्या कडेकडेने जास्त पोहतात. पोहण्याची आणि प्लॅटफॉर्मवर चढण्याची सवय आधी करून दिली, तेव्हा हा फरक मावळल्याचे १९९६ मध्ये दाखवले गेले. शटल बॉक्समध्ये, इशारा मिळताच पलीकडच्या कप्प्यात पळायचे असते तिथे, माद्याच पुढे असतात. भीतीच्या स्मृतीचेही तसेच. उंदीर किती वेळ गोठून राहतो तेच मोजत आले, पण काही माद्या गोठण्याऐवजी झपकन धावतात, हे २०१५ साली नोंदले गेले. तोवर अशी मादी ‘विसरली’ म्हणूनच मोजली जात होती.

नाशिकच्या थंडीत टाकीचे काम करणाऱ्यांनी पाण्याचे तापमान दर फेरीआधी पाहावे. रात्रभर साठवलेले पाणी जानेवारीत चांगलेच गार पडलेले असते आणि अंगाने लहान असलेली मादी त्यात नराआधी गारठते. तिचे हातपाय मंदावले की घड्याळ जास्त सेकंद दाखवते, आणि ते सेकंद वहीत स्मृतीच्या रकान्यात उतरतात.