स्लीव्ह की बायपास? दोन्हींत पोट लहान होतं, पण ऑपरेशन एक नाही

आमच्या घरात वजन कमी करायची दोन ऑपरेशनं झाली, माझं स्लीव्ह आणि मावशीचं बायपास (हृदयाचं नव्हे, जठराचं), आणि अजूनही सोसायटीतल्या बायका विचारतात, "तुम्ही दोघींनी चरबी काढून घेतली ना?" तर आधी हे क्लिअर करते, आमची चरबी कुणी काढली नाही. चरबी ओढून काढतात ते लायपोसक्शन, तो वेगळाच प्रकार, त्याने डायबेटिस बरा होत नाही. इथे काम असतं जठरावर आणि आतड्यावर, दुर्बिणीतून, पोटावर चार-पाच छोटी भोकं पाडून.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग स्टेपल मारून कापतात आणि बाहेर काढून टाकतात, आत उरते केळ्याच्या आकाराची नळी. आतड्याला हात लावत नाहीत. जागा कमी झाली म्हणून खाणं कमी होतं हे खरंच, पण भुकेचं हार्मोन, घ्रेलिन, जिथे जास्त तयार होतं तो वरचा फुगीर भागच जातो, त्यामुळे मला पहिले काही महिने भूक अशी लागायचीच नाही, घड्याळ बघून जेवायचे. मात्र कापलेलं जठर परत जोडता येत नाही, हे सही करायच्या आधी नीट समजून घ्या.

बायपासमध्ये जठर बाहेर काढत नाहीत. वरच्या बाजूला साधारण ३० मिलीची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडं कापून त्याचं खालचं टोक या पिशवीला आणि वरचं टोक पुढे आतड्यालाच जोडतात, असे दोन जोड. बाकीचं जठर आतच असतं, त्यातला पाचक रस पुढे जाऊन आतड्यात मिसळतो, फक्त अन्न त्या वाटेने जात नाही. कात्रज-देहूरोड बायपासने गेलं की शहरातली दुकानं लागत नाहीत ना, तसंच, लोह आणि कॅल्शियम जिथे जास्त शोषलं जातं तो आतड्याचा पहिला टप्पाच अन्नाला लागत नाही. म्हणून लोह, कॅल्शियम, बी१२, डी या गोळ्या आयुष्यभर. स्लीव्हवाल्यांनाही गोळ्या आणि रक्ततपासण्या सुटत नाहीत, पण बायपासला टाळाटाळ केली तर जास्त लवकर अंगावर येतं. मिनी बायपास म्हणून अजून एक असतं, त्यात दोनऐवजी एकच जोड असतो, त्यात पित्त वर पिशवीत येऊ शकतं, तेवढं विचारून घ्या.

आता सगळ्यांचा पहिला प्रश्न, वजन कशाने जास्त उतरतं? बायपासने थोडं जास्त. फिनलंडमधल्या एका अभ्यासात पाच वर्षांनी जादा वजनापैकी स्लीव्हवाल्यांचं ४९ टक्के आणि बायपासवाल्यांचं ५७ टक्के उतरलेलं होतं. मला विचाराल तर एवढ्या फरकावर निर्णय घेऊच नका. त्याआधी बघा की तुम्हाला ॲसिडिटी किती आहे. स्वित्झर्लंडच्या अभ्यासात, ज्यांना आधीपासून आंबट वर यायचा त्रास होता त्यांच्यात स्लीव्हनंतर तो सुमारे ३२ टक्के लोकांचा वाढला, बायपासनंतर फक्त ६ टक्के लोकांचा. दोन्ही अभ्यास २०१८ ला छापून आलेत.

मावशीचं नेमकं हेच होतं. वर्षानुवर्षं दोन उशा घेऊन झोपायची, उशाशी ॲसिडिटीची गोळी ठरलेली. पहिल्या ठिकाणी दहा मिनिटांत "स्लीव्ह करून टाकू" म्हणून तारीखही देत होते, ॲसिडिटीचं कुणी विचारलंच नाही, त्याचा मला आजही राग येतो. दुसऱ्या सर्जननी आधी एंडोस्कोपी करायला लावली, त्यात हायटस हर्निया निघाला, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला, म्हणून बायपास ठरलं. तिला इन्शुलिनही चालू होतं, आणि जुन्या डायबेटिसला सहसा बायपासचा जोर जास्त पडतो. मला ॲसिडिटी नाही, शुगर नाही, पण संधिवातामुळे पेनकिलर घ्यावीच लागते, म्हणून मला स्लीव्ह. बायपासनंतर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी जोडावर अल्सर होऊ शकतो, सिगारेटनेही होतो.

आणि गोडाचं. पाडव्याला मावशीने तीन चमचे श्रीखंड खाल्लं, जेमतेम वीस मिनिटांत कपाळावर घाम, छाती धडधडतेय, पोटात मुरडा, अर्धा तास सोफ्यावर आडवी. साखर एकदम आतड्यात उतरली की असं होतं, डम्पिंग म्हणतात. स्लीव्हमध्ये हे कमी होतं, पण आईस्क्रीम, मस्तानी असलं पातळ गोड नळीतून सरळ खाली जातं आणि वजन चढायला लागतं, माझं दोन किलो असंच परत आलं.

तयारी मात्र दोघींची सारखीच. एंडोस्कोपी, सोनोग्राफी, टूडी इको, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी), थायरॉइड, व्हिटॅमिन, घोरणाऱ्यांना स्लीप स्टडी, आणि मानसोपचार तज्ज्ञांची भेट. शेवटचे दोन आठवडे प्रोटीन पावडर, पातळ ताक आणि सूप. आम्हाला वाटलं वजन उतरवायला सांगतायत, पण कारण लिव्हर. फॅटी लिव्हरचा डावा भाग जठरावर झाकणासारखा असतो, सर्जनला तो उचलून धरावा लागतो, आक्रसला तर काम सोपं होतं. तोवर वाटीतून छोट्या चमच्याने खायची आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी न प्यायची प्रॅक्टिस करून ठेवा, नंतर तेच करायचंय.

इन्शुरन्सचंही आधीच बघा. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांप्रमाणे आशियाई लोकांसाठी २७.५ बीएमआयपासून (उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा) ऑपरेशनचा विचार होऊ शकतो, पण पॉलिसीत साधारण ४० लागतो, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा आटोक्यात नसलेला डायबेटिस.

डिस्चार्जच्या कागदावर नेमकं कोणतं ऑपरेशन झालं ते लिहून घ्या आणि झेरॉक्स कायम जवळ ठेवा. मागच्या महिन्यात मावशीचा गुडघा सुजला, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी सवयीने पेनकिलर लिहिली, तिने पर्समधून झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली, त्यांनी वाचली, गोळी खोडली आणि पॅरासिटामॉल लिहून दिली.